पेस्टो, पिठलं आणि बहुव्रीहि

मराठी माणूस घरी इटलीचे शिजवो की इंदापूरचे, तो करतो तो 'स्वयंपाक'च. हा शब्द मला पहिल्यापासून थोडा लबाड वाटत आला आहे. स्वयं म्हणजे आपण, पाक म्हणजे शिजवणे. तेव्हा मूळ अर्थ आपले आपण रांधून घेणे, असा असावा. दुसऱ्याच्या हातचे न चालणाऱ्या सोवळ्या माणसाची ती सोय दिसते. पुढे सोवळे सुटले, 'स्वयं' झिजले, आणि आता 'स्वयंपाकाला बाई ठेवली' असे आपण खुशाल म्हणतो. त्यातली विसंगती कानाला खटकत नाही, इतका शब्द गुळगुळीत झाला आहे.

या 'पाका'चे भाऊबंद इटलीत आहेत, पण वेषांतर करून. संस्कृतात पच्, लॅटिनमध्ये 'कोक्वेरे'. प कुठे आणि क कुठे, असे वाटेल. पण दोघांच्या मागे 'पेक्व्' असे काहीसे आद्य रूप असावे, आणि लॅटिनमध्ये शेजारच्या 'क्व'ने 'प'ला आपल्या पंगतीत ओढले असे दिसते. पाचाचेही तेच झाले आहे: संस्कृत पञ्च, लॅटिन 'क्विन्क्वे'. कोक्वेरेच्या घरात 'कुचिना' म्हणजे स्वयंपाकघर येते, 'बिस्कोत्ती' म्हणजे दोनदा भाजलेले येते आणि 'रिकोत्ता' येते. चीज काढून उरलेले पाणी फेकायचे नाही, पुन्हा तापवायचे, त्यातून जे वर येते ते रिकोत्ता. तिला कोणी 'पुनःपक्वा' म्हटले तर व्याकरणाची हरकत नसावी. दुकानदार काय म्हणेल ती गोष्ट वेगळी.

मला या सगळ्यात ओढले ते पेस्टोने. लेकीने रविवारी घरी पेस्टो करायचा घाट घातला, तेव्हा 'मिक्सर लावू नकोस, पाट्यावर वाट' असा हट्ट मी धरला. त्याचे कारण चव नव्हते, व्युत्पत्ती होती.

पेस्टो जेनोआचा. तिथे तो संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने करतात. 'पेस्तारे' म्हणजे कुटणे, वाटणे, आणि 'पेस्तो' म्हणजे कुटलेले. नावात ना पानांचा उल्लेख आहे, ना लसणाचा, ना चीजचा. आपण 'वाटण' म्हणतो आणि कशाचे ते गृहीत धरतो, तसेच हे. पेस्तारेच्या मागे लॅटिन 'पिन्सेरे' हा धातू उभा आहे, त्याचे भूतकालवाचक विशेषण 'पिस्तुस', म्हणजे कुटलेला. आता संस्कृत पिष् घ्या. पिष्ट म्हणजे दळलेले, वाटलेले. पिस्तुस आणि पिष्ट शेजारी ठेवले की एकाच पोटची भावंडे दिसतात, आणि इथे दिसणे फसवे नाही. पटत नसेल तर वर्तमानकाळ पाहा. संस्कृतात पिष् हा रुधादि गणातला, म्हणून त्याच्या पोटात 'न' शिरतो: पिनष्टि. लॅटिनमध्येही वर्तमानात 'पिन्सो' असा 'न' घुसतो आणि 'पिस्तुस' होताना बाहेर पडतो. शब्दांचे चेहरे योगायोगाने जुळू शकतात. पण दोन भाषांत एकाच धातूच्या पोटात, एकाच काळी, तोच पाहुणा येऊन राहतो आणि त्याच वेळी निघून जातो, हे नाते असल्याशिवाय होत नसावे.

पिष्टाचे प्राकृतात पिट्ठ झाले, मराठीत पीठ, आणि पिठाचे पिठले. म्हणजे पेस्टो आणि पिठलं हे चुलत भाऊ ठरतात. एक भूमध्य समुद्राकाठी पाइनच्या बियांत आणि ऑलिव्हच्या तेलात वाढला, दुसरा भाकरीच्या शेजारी. (विद्यापीठातले पीठ मात्र या कुळातले नाही. ते बसायचे पीठ, आसन. तिथे दळण चालत नाही असे मात्र मी म्हणणार नाही.) मी हे सारे लेकीला सांगत होतो, ती वाटत होती. शेवटी ती म्हणाली, "बाबा, आता पिष्टपेषण पुरे." नकळत तिने कुळातला तिसरा नातलग हजर केला होता.

पाने मात्र बाजारात मिळाली नाहीत, म्हणून कुंडीतला सब्जा तोडला. फालुद्यात ज्याचे बी फुगते तो हा सब्जा आणि इटालियनांचा 'बासिलिको' वनस्पतिशास्त्रात एकच जात, ओसिमम बासिलिकम. गंधाचे वाण तेवढे निराळे. नावांचा थाट बघा. ग्रीक 'बासिलेउस' म्हणजे राजा, त्यावरून ही राजेशाही वनस्पती. आपला सब्जा फारसी 'सब्ज'वरून, म्हणजे नुसता हिरवा. हिंदीतली सब्जी त्याचीच बहीण. एकाच रोपट्याच्या डोक्यावर तिकडे मुकुट चढला आणि इकडे फक्त रंगाची नोंद झाली.

पेस्टोचा उलगडा इतका सुंदर झाला की हाव सुटली. पेस्टो जर पिष्ट, तर पास्ता का नाही? पास्ता तर साक्षात पिठाचाच! पण इथे फसगत आहे. लॅटिन 'पास्ता' म्हणजे कणीक, मळलेला गोळा, आणि तो शब्द ग्रीकांकडून आलेला. तिकडे तो जवाच्या पेजेसारख्या पदार्थाचा वाचक होता आणि त्यामागचा धातू 'पास्सेइन', म्हणजे भुरभुरणे, शिंपडणे. मीठ भुरभुरलेले असा मूळ भाव असावा. दळण्याकुटण्याशी त्याचा संबंध नाही. तीच गत पिस्त्याची. सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी ब्रोन्ते गाव पिस्त्यासाठी नावाजलेले आहे. तिथला 'पेस्तो दि पिस्ताक्यो' ऐकला की वाटते, एकच शब्द दोनदा उच्चारला. पण पिस्ता फारसीतून ग्रीकांकडे, तिथून लॅटिनमध्ये गेला आणि पिष्टाशी त्याचे काही देणेघेणे नाही. आपल्याला तो थेट फारसीतून मिळाला, इटालियनांना वळसा घालून.

पास्ताला आपल्याकडे नातेवाईक नाहीत असे मात्र नाही. फ्रेंचांनी त्यातला 'स' गिळून 'पाते' केले, त्याची इंग्रजीत पॅटी झाली, तिच्या अनेकवचनाचे आपण एकवचन करून पॅटिस केले आणि वर वाटाण्याचा रगडा ओतला. रगडा-पॅटिस खाणारा माणूस व्युत्पत्तीने पास्ताच खात असतो. सकाळी दात घासताना तोंडात जाते ती पेस्टही त्याच घराण्यातली.

पास्ता मार्को पोलोने चीनहून आणला ही कथा अजून सांगितली जाते. पोलो परतला १२९५ साली. जेनोआतल्या एका नोटरीने १२७९ साली केलेल्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेले भांडे आहे. त्याही आधी, ११५४ साली, सिसिलीच्या राजा दुसऱ्या रॉजरच्या पदरी असलेला अरब भूगोलवेत्ता अल् इद्रीसी पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाविषयी लिहितो की, तिथे 'इत्रिय्या' पुष्कळ बनते आणि जहाजे भरून परदेशी जाते. हा अरबी इत्रिय्या ग्रीक 'इत्रिओन'वरून आलेला असावा. इटलीच्या टाचेकडच्या भागात, सालेंतोत, हरभरे घालून केलेल्या एका पदार्थाच्या नावात 'त्रिया' म्हणून तो अजून जिवंत आहे. खाणारे त्याला अरबी म्हणून ओळखत नसतील. आपण तरी 'हलवा' म्हणताना कुठे थांबतो?

'मॅकरोनी'चे मूळ मात्र दोन पक्षांत लोंबकळत आहे. एक पक्ष म्हणतो, 'अम्माक्कारे' म्हणजे दाबणे, चेचणे, त्यावरून. दुसरा ग्रीक 'माकारिआ'कडे बोट दाखवतो, म्हणजे मृताच्या नावाने वाढायचे जवाचे अन्न. माझा कल पहिल्याकडे, कारण पदार्थाला नाव बहुधा हाताच्या क्रियेवरून पडते. आपले 'वळवट' पाहा. शेवया, गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटव्या या साऱ्या वाळवून ठेवायच्या खिरीच्या सामानाला आजी एकच शब्द वापरायची, वळवट. वळून केलेले ते. पास्ता या शब्दात नुसता पिठाचा गोळा आहे, वळवटात बोटांची हालचाल आहे. इटालियनांनी ती हालचाल आकारांच्या नावांत भरून काढली: स्पागेत्ती म्हणजे बारीक सुतळ्या, लिंग्विने म्हणजे छोट्या जिभा, ओरेक्किएत्ते म्हणजे छोटे कान. आपल्या नखुल्या त्या कानांशेजारी बसायला हरकत नाही. पुडीवर 'ओर्झो' लिहिलेला पास्ता पाहिलात तर गव्हले आठवतील. ओर्झो म्हणजे जव; दाणा जवाचा म्हणायचा, पीठ गव्हाचे, आणि दिसायला तांदूळ.

आणि वेर्मिचेल्ली! छोटे किडे. 'वेर्मिस' म्हणजे किडा, त्याचे लाडके रूप. शेवयांना इतके किळसवाणे नाव देऊन त्या चवीने खाणाऱ्यांचे कौतुक करावेसे वाटते. संस्कृतात किडा म्हणजे कृमि. वेर्मिस आणि कृमि यांचा सांगाडा एक, यमक तर नेमके जुळते, पण पहिले अक्षर काही केल्या जुळत नाही. कुणी म्हणतात, किड्याचे खरे नाव घ्यायला लोक कचरले आणि त्यांनी पहिला वर्ण मुद्दाम बदलला. रात्री सापाला 'लांबडं' म्हणणाऱ्यांना हे पटायला अवघड जाऊ नये. कृमीचा फारसी भाऊ 'किर्म'. त्या किड्यापासून तांबडा रंग काढत, म्हणून आपल्याकडे रंग झाला किरमिजी. तिकडे वेर्मिसपासूनही तांबड्या रंगाचे नाव पडले, इटालियन 'वेर्मिल्यो'. म्हणजे किडा तिकडे रंगातही गेला आणि ताटातही. इकडे फक्त रंगात. आपली शेवई मात्र निष्पाप दिसते. भावप्रकाश या वैद्यकग्रंथात 'सेविका' असा शब्द येतो, पण तो लोकांच्या शेवईला घातलेले संस्कृत झबले असावे, असा मला दाट संशय आहे.

आता रिसोत्तो. 'रिसो' म्हणजे भात, त्याला '-ओत्तो' प्रत्यय. योगायोगाने इटालियनमध्ये हसण्यालाही रिसोच म्हणतात, आणि हसण्याने रक्त सुधारते या अर्थाची त्यांची म्हण भाताची जाहिरात म्हणूनही खपते. उत्तर इटलीत भातशेती पंधराव्या शतकात जम धरत होती. १४७५ साली मिलानचा ड्यूक गालेआत्सो मारिया स्फोर्त्सा याने फेर्राराच्या दरबाराला १२ पोती भात पाठवण्याची तयारी दाखवल्याचे पत्र आहे. शब्द मात्र त्याहून फार जुना प्रवासी. इटालियन रिसो, त्यामागे लॅटिन ओरिझा, त्यामागे ग्रीक ओरुझा, आणि ग्रीकांनी तो कुठल्यातरी इराणी बोलीतून उचलला असावा. पश्तूत आजही 'व्रिझे'सारखे रूप आहे, फारसीत 'बिरिंज'. यांच्या शेजारी संस्कृत 'व्रीहि' ठेवला की साखळी पुरी होते. काहींनी तमिळ 'अरिसि'कडे बोट दाखवले आहे. व्रीहि ऋग्वेदात नाही, अथर्ववेदात येतो, तेव्हा आर्यांनाही तो कुणाकडून तरी मिळाला असावा हे खरे. देणारा कोण, यावर पंडित अजून भांडत आहेत.

आपल्या ताटात हा व्रीहि शोधून सापडत नाही. तांदूळ आला तण्डुलातून, भात आला भक्तातून, साळ आली शालीतून. व्रीहीला मराठीने वाढलेच नाही. पण थांबा, शाळेत आपण सगळ्यांनी तो पाठ केला आहे: बहुव्रीहि! ज्याच्याकडे पुष्कळ भात आहे तो. जुन्या वैयाकरणांनी समासाला नाव देताना त्या समासाचेच उदाहरण घेतले. तो शब्द तांदळाविषयी बोलत नाही, तांदूळ असलेल्या माणसाविषयी बोलतो. दाणा ताटातून गेला आणि व्याकरणाच्या कोठारात राहिला. मिलानमध्ये केशर घालून पिवळाजर्द रिसोत्तो ढवळणारी गृहिणी आणि 'पीतांबर, नीलकंठ' घोकणारा आठवीतला मुलगा यांच्यात एक भाताचा दाणा सामाईक आहे, या कल्पनेने मला गेला आठवडाभर खूश ठेवले आहे.

फारसी बिरिंज गुजरातेत 'बिरंज' होऊन आला, पण तिथे त्या नावाने गोड शेवया करतात. नाव तांदळाचे आणि वस्तू वळवटाची. ओर्झोची आठवण व्हावी. बिर्याणीही बिरिंजची लेक वाटते, पण ती नव्हे. ती 'बिर्यान'ची, म्हणजे भाजलेल्याची. त्या फारसी धातूचे संस्कृतातले रूप भृज्ज्, त्यावरून आपले भाजणे, आणि बहुधा भाजीही. लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा 'फ्रिगेरे' आहे आणि तो याच कुळातला दिसतो. इटालियन स्वयंपाकाची सुरुवात ज्याने होते तो 'सोफ्रित्तो', म्हणजे कांदा, गाजर आणि सेलरी मंद आचेवर तेलात परतलेली, तो या फ्रिगेरेचा नातू. आपली फोडणी मोहरीच्या फुटण्यावरून. तिला आवाज आहे. सोफ्रित्तोला आवाज नाही, त्यातला 'सो' म्हणजे मुळात 'खाली', जरासे, हळूच. दोन स्वयंपाकघरांतला फरक एका उपसर्गात मावलेला आहे.

ज्या तेलात हे चालते त्याचे नावही बघण्यासारखे. इटालियन 'ओल्यो' मुळात ऑलिव्हचेच. दुसऱ्या कशाचे असेल तर वेगळे सांगावे लागते. आपले तेल मुळात तिळाचेच, तिल-तैल. तेव्हा 'ऑलिव्हचे तेल' या शब्दप्रयोगात तीळ आणि ऑलिव्ह एकाच बाटलीत कोंबले आहेत.

पण सर्वांत मोठा फेरा मारला वांग्याने. 'पार्मिजाना दि मेलान्झाने' हा पदार्थ घरी करायला सोपा: वांग्याचे काप तळायचे, टोमॅटोचा रस, चीज, पुन्हा काप, असे थर लावून भट्टीत घालायचे. पार्मिजाना म्हणजे पार्मा गावची, असे सरळ वाटते. दक्षिणेतले लोक मात्र सांगतात की, सिसिलीच्या बोलीत खिडकीच्या झडपेच्या पट्ट्यांना जवळपास हाच शब्द आहे आणि थर त्या पट्ट्यांसारखे दिसतात. मला दुसरे आवडते. आवडणे हा पुरावा नव्हे, हे जाणून आहे.

'मेलान्झाना'कडे वळू. संस्कृतात वांग्याला वातिंगण असे एक नाव आहे, आणि तेही देशी, कदाचित द्राविड शब्दाचे शुद्धीकरण असावे. त्याचे फारसीत बादिंगान, अरबीत बादिंजान. अरबांबरोबर वांगे भूमध्याच्या दोन्ही टोकांना गेले. स्पेनच्या बाजूला 'अल्' हे उपपद चिकटून फ्रेंचांचे ओबेर्जीन झाले. पोर्तुगीजांनी बेरिंजेला केले आणि तो शब्द घेऊन ते आपल्याच किनाऱ्यावर उतरले. त्यावरून हिंदुस्थानी इंग्रजीत ब्रिंजल. ज्या देशातून वांगे गेले त्याच देशात ते परके नाव लावून आले आणि आता हॉटेलच्या यादीत वांग्याहून भारदस्त ठरते! इटलीत बादिंजानच्या पुढे 'मेला', म्हणजे सफरचंद, लागून मेलान्झाना झाले. मग लोकांनी त्याची फोड केली 'मेला इन्साना', वेडे सफरचंद, आणि खाल्ल्याने वेड लागते अशी समजूतही जोडून दिली. नाव आधी बिघडले, बदनामी मागून आली असे दिसते. पेल्लेग्रिनो आर्तुझी १८९१ च्या आपल्या पाकपुस्तकात सांगतो की, चाळीसेक वर्षांपूर्वी फ्लोरेन्सच्या बाजारात वांगी क्वचितच दिसत, ज्यूंचे खाणे म्हणून लोक नाक मुरडत. बिचारे वांगे.

टोमॅटो अमेरिकेतून आला तेव्हा १५४४ साली मात्तिओली या वैद्याने त्याला वांग्याचाच एक नवा प्रकार मानले. दहा वर्षांनी 'पोमि दोरो', सोनेरी सफरचंदे, हे नाव त्याच्या ग्रंथात आले आणि तेच टिकले. मराठीतही टोमॅटोला बेलवांगे म्हणत. विदर्भात भेदरं अजून ऐकू येते. म्हणजे मात्तिओलीने जे सोडून दिले ते आपल्या माळ्यांनी स्वतंत्रपणे ओळखले, आणि कुळ पाहता बरोबर ओळखले. मिरचीच्या बाबतीत दोन्ही भाषा एकाच वाटेने गेल्या: आपण मिरीवरून मिरची केली, त्यांनी 'पेपे'वरून पेपेरोन्चिनो. आणि हा पेपे म्हणजे लॅटिन पिपेर, ग्रीक पेपेरि, मुळात आपली पिप्पली. नाव पिंपळीचे, माल मिऱ्याचा; जहाजावर पाट्या बदलल्या असाव्यात. रोमचा 'काचो ए पेपे', चीज आणि मिरी एवढाच पसारा असलेला पास्ता, म्हणून आपल्याला फार परका नाही. त्यातला 'काचो' लॅटिन कासेउसवरून, आणि काही व्युत्पत्तिकार तो संस्कृत क्वथ् धातूशी जोडतात, ज्यातून आपली कढी आणि काढा निघाले. ही जोड मी पेन्सिलीने लिहून ठेवली आहे, शाईने नव्हे.

आता राहिले 'आल देन्ते'. देन्ते म्हणजे दंत, यात कोडे काहीच नाही. कोडे आहे ते परीक्षेत. इटालियन माणूस शिजले की नाही हे दाताला विचारतो, आपण बोटाला. बोटाने चेपला की चेपणारा तो बोटचेपा भात. दातात आतला टणक भाग लागला तर ते त्याला 'आनिमा' म्हणतात, जीव. आपण त्याला कणी म्हणतो आणि भात परत चुलीवर ठेवतो. त्या रविवारी लेकीने पातेल्यातून पास्त्याची एक नळी काढून चावली आणि "झाला" म्हणाली. तिच्या आईने तीच नळी बोटात धरून दाबली आणि म्हणाली, "कणी आहे." दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, दोघींचेही बरोबर आहे. तेव्हा लेकीने विचारले, 'बोटचेपे धोरण' हा शब्द कुठून आला ते कोशात आहे का?